कोंबडे मारू नका

आमच्या सोसायटीत फ्लूच्या लसीचं शिबिर होतं. रांग अडली ती एका कागदामुळे.

लसीच्या खोक्यात एक माहितीपत्रक असतं. त्याची घडी इतकी बारीक, की उघडत गेलं तर शेवटी हातात पंचा येतो. अक्षर तर असं, की चष्म्यावाचून ते वाचता आलं तर माणसाने सैन्यात भरती व्हावं. कंपनीने हा कागद छापायचा, केमिस्टने फेकायचा, असा शिरस्ता. तळमजल्यावरच्या काकूंनी तो मोडला. पर्समधून भिंग काढलं आणि क्लबहाउसातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर कागद पसरून त्या उभ्यानेच वाचायला लागल्या. मागे सतरा माणसं, त्यातला सतरावा मी.

"डॉक्टर, यात फॉर्मलडिहाइड लिहिलंय. मुडदे ज्यात ठेवतात, तेच ना?"

"अगदी थोडं असतं, काकू," डॉक्टर म्हणाला. तिशीतला मुलगा, घाम पुसत होता.

"थोडं म्हणजे? चवीपुरतं?"

तो काही बोलायच्या आत भिंग पुढच्या ओळीवर गेलं. "आणि हे ओव्हाल्ब्युमिन काय असतं?"

"अंड्यातलं प्रथिन."

"अंडं! अहो, आज संकष्टी आहे माझी."

रांगेत हशा पिकला. सेक्रेटरी म्हणाले, "मग चंद्रोदयानंतर टोचून घ्या." काकूंनी कागदाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली (हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं), पर्समध्ये ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यांच्यामागून आणखी पाच जण गेले. त्या पाचांपैकी तिघांना मी रात्री अकरा वाजता स्टेशनबाहेरच्या गाडीवर भुर्जी खाताना पाहिलेलं आहे.

दुसरं शिबिर पुढच्या रविवारी होतं. सेक्रेटरींनी मला गाठलं. "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग काकूंना जरा समजावा." पेपरात लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं, हा गैरसमज सोसायटीत अजून टिकून आहे, तो मोडायची माझी इच्छा नाही. आठवडाभर वाचलं आणि रोज संध्याकाळी काकूंकडे चहाला गेलो. एक मात्र सांगतो, समजावायला गेलेल्या माणसाची जी गत होते ती माझीही झाली.

पहिल्या दिवशी अंडं.

आधी वाटलं होतं, काकूंची शंका हसण्यावारी नेता येईल. वाचल्यावर कळलं, काकूंना वाटतंय त्याहून ती जास्त खरी आहे. वाण्याकडच्या ट्रेमधलं अंडं या कामाला बिनउपयोगाचं. त्या अंड्याच्या आईने जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. त्यातून पिल्लू व्हायचा प्रश्नच नाही. म्हणून तर काही लोक त्याला शाकाहारी म्हणून पंक्तीत घ्यायला तयार असतात. लसीला मात्र फळलेलं अंडं लागतं, आणि तेही दहा-अकरा दिवस उबवलेलं. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे दिवा धरतात. कवचातून लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक हलती सावली दिसते. सावली हलत नसेल तर अंडं बाद. हलत असेल तर कवचाला टाचणीएवढं भोक पाडून सुईने आत विषाणूचा थेंब सोडायचा, भोक बुजवायचं आणि अंडी तेहतीस ते पस्तीस अंशांच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवून द्यायची.

पिल्लाभोवती एक पिशवी असते. त्यात ते आपली घाण टाकत असतं. बंद घरातलं मोरीचं पाणीच म्हणा. फ्लूचा विषाणू त्या पिशवीच्या अस्तरात चढतो आणि त्या पाण्यात बेसुमार वाढतो. मग अंडी रात्रभर थंडीत ठेवतात. पिल्लू तिथेच संपतं. एवढी गोष्ट माहितीपत्रकात नसते, म्हणून इथे लिहिली. सकाळी यंत्र अंड्याची टोपी उडवतं आणि ते पाणी ओढून घेतं. एका अंड्यातून दोनेक चमचे निघतं. ढोबळमानाने एका डोसातल्या एका जातीच्या विषाणूमागे एक अंडं, म्हणजे तीन जातींच्या लसीमागे तीन अंडी.

"तीन अंडी," काकू म्हणाल्या. "म्हणजे दोघांचं ऑम्लेट." ऑम्लेटचा हिशोब त्यांना कसा माहीत, हे मी विचारलं नाही.

पुढचं काम धोब्याचं आणि हलवायाचं. त्या पाण्यातला विषाणू फॉर्मलडिहाइडने किंवा बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनाने मारतात. मग साखरेच्या कमी-जास्त दाट पाकावर घालून प्रचंड वेगाने फिरवतात. विषाणू आपल्या वजनाप्रमाणे पाकाच्या एका थरात येऊन थांबतो, अंड्याचा बराचसा ऐवज दुसरीकडे जातो. नंतर साबणाच्या जातीचं एक द्रव्य घालून विषाणूचं कवच फोडतात. मागे उरतं ते त्याच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन. हिमॅग्लुटिनिन हे त्याचं नाव. हाच काटा रुतवून विषाणू आपल्या घशातल्या पेशीत शिरतो. तो काटा शरीराला आधी दाखवून ठेवायचा, एवढाच या लसीचा उद्योग. चोर घरात सोडायचा नाही, त्याच्या कुऱ्हाडीचा तुकडा पोलिसाच्या कुत्र्याला हुंगवायचा. म्हणून "लस घेतली आणि त्यानेच मला फ्लू झाला" हे जे प्रत्येक शिबिरानंतर लिफ्टमध्ये ऐकू येतं, ते होणं शक्य नाही. हात दुखेल, एखादा दिवस कणकण येईल. आणि लसीचा असर चढायला दोन आठवडे लागतात. तेवढ्यात खोकणाऱ्या बॉसच्या केबिनमध्ये तासभर बसलात तर दोष बॉसचा.

अंड्यांची ही पद्धत कधीची? ऑस्ट्रेलियाच्या मॅकफर्लेन बर्नेटने 1930 च्या दशकात फ्लूचा विषाणू अंड्यात वाढवून दाखवला. 1940 च्या दशकात अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात टॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी सैनिकांसाठी लस केली. साल्क म्हणजे पुढे पोलिओच्या लसीने घराघरांत पोहोचला तोच. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, टेलिफोन खिशात आला, पण जगातली बहुतेक फ्लूची लस अजून कोंबडीच्या अंड्यातून येते. लसीत मायक्रोचिप असते म्हणणाऱ्यांना मला एकदा ही अंडी दाखवायची आहेत. कसली चिप घेऊन बसलात, या धंद्याला वेळेवर कोंबडा मिळाला तरी पुष्कळ.

कोंबड्याचं नाव निघालंच आहे तर मॉरिस हिलमनची गोष्ट सांगायलाच हवी. काकूंना सगळ्यात जास्त हीच आवडली.

एप्रिल 1957. हिलमन वॉशिंग्टनला लष्कराच्या संशोधन संस्थेत होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याने बातमी वाचली की हाँगकाँगमध्ये तापाची साथ आहे, अडीच लाख लोक आजारी आहेत, आयांच्या पाठीला बांधलेल्या पोरांचे डोळे काचेसारखे झालेत. बातमी लाखोंनी वाचली असेल. पेपर खाली टाकून 'साथ आली' म्हणाला तो हा एकटा. त्याने तिथल्या एका नौसैनिकाच्या घशातला नमुना मागवला. साठवलेल्या रक्ताच्या जवळजवळ कुठल्याच नमुन्यात या विषाणूला उत्तर नव्हतं. मग त्याने लस कंपन्यांना कामाला लावलं आणि कुक्कुटपालनवाल्यांना निरोप धाडला: कोंबडे मारू नका. हंगाम संपला की नर कापायची रीत होती. नर गेले तर फळलेली अंडी बंद, आणि अंडी बंद तर लस बंद. मोंटानातल्या शेतावर कोंबड्यांतच वाढलेल्या माणसाला हे सुचलं. गळ्यात स्टेथोस्कोप घालून वाढलेल्याला सुचतंच असं नाही. साथ अमेरिकेत पसरली तोवर लस तयार होती, आणि त्या वर्षी चार कोटी डोस निघाले.

जागतिक साथ अंगावर येतेय आणि शास्त्रज्ञाची पहिली विनंती काय, तर कोंबडे मारू नका! हेच आवाहन आपल्याकडे गटारीच्या आठवड्यात झालं असतं, तर साथीने बिनविरोध निवडून येऊन कारभार हाती घेतला असता.

"पण कोंबड्यांनाच आजार आला तर?" काकूंनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून मी बशीत चहा सांडला, कारण या सगळ्या इमारतीची कच्ची वीट नेमकी तीच. आपल्याला ती बघायला लांब जायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. आता समजा, उद्या माणसांत साथ आणणारा विषाणू पक्ष्यांतूनच आला. लस हवी म्हणजे अंडी हवीत. अंडी हवीत म्हणजे कोंबड्या जिवंत हव्यात. आणि तोच विषाणू कोंबड्यांच्या खुराड्यातून फिरतोय. आग विझवायचा बंब ज्या गॅरेजमध्ये ठेवलाय, त्याच गॅरेजला आग लागायची भीती.

म्हणून दुसरे रस्ते शोधणं चालू आहे. एका लसीसाठी विषाणू कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवतात. म्हणजे रोज नवा कुत्रा नाही. 1958 मध्ये एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींचा वंश टाक्यांमधून अजून चालू आहे. दुसरी लस त्याहून मजेशीर. तिच्यात विषाणू वाढवतच नाहीत. फक्त त्या काट्याचं प्रथिन एका अळीच्या पेशींकडून बनवून घेतात. ती अळी म्हणजे आपल्या मक्याच्या शेतकऱ्याला रात्रीची झोप न देणारी अमेरिकन लष्करी अळी. 2018 मध्ये ती भारतात सापडली आणि महाराष्ट्रात मक्याच्या पोंग्यात जाऊन बसली. पोंग्यात माती टाका, औषध मारा, कामगंध सापळे लावा, सगळं करून शेतकरी थकला. आणि तिकडे अमेरिकेत तिच्याच पेशी स्टीलच्या टाकीत बसून 2013 पासून लस बनवताहेत. आपल्याकडे आलेली मात्र फक्त मका खाते.

काकूंना हा पर्याय सांगून पाहिला. अंडं नाही, बीटा-प्रोपिओलॅक्टोन नाही, फॉर्मलडिहाइड नाही. फक्त अळी.

"अंडंच बरं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिशोब झाला. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आकड्यांना घाबरत नाहीत. एक डोस अर्ध्या मिलिलिटरचा. त्यात प्रत्येक जातीचं पंधरा मायक्रोग्रॅम प्रथिन, तिन्ही मिळून पंचेचाळीस. सगळं एकत्र केलं तर मिठाचा एक बारीक कण भरेल. आपण ज्यासाठी दीड-दोन हजार रुपये मोजतो तो माल एवढाच. बाकी बहुतेक खारं पाणी. अंड्याचं प्रथिन बहुतेक लसींत एका मायक्रोग्रॅमच्याही आत. इतकं कमी, की अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही आता अमेरिकेत नेहमीसारखीच लस देतात.

फॉर्मलडिहाइड जास्तीत जास्त शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत राहू शकतं. पुष्कळ लसींत त्याहून फारच कमी. आता दुसरी बाजू. फॉर्मलडिहाइड आपलं शरीर स्वतःच बनवत असतं. एका मिलिलिटर रक्तात ते साधारण अडीच मायक्रोग्रॅम असतं. काकूंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं: पाच लिटर रक्त, म्हणजे पाच हजार मिलिलिटर, गुणिले अडीच, साडेबारा हजार. त्यात लसीचे फार तर शंभर.

"म्हणजे खात्यात साडेबारा हजार असताना शंभराच्या भरण्यासाठी मी रांग अडवली?"

मी हो म्हणालो नाही. मलाही त्याच इमारतीत राहायचंय.

मग निघाला पारा. थायोमर्सल. फ्लूच्या लसीच्या दहा डोसांच्या बाटलीत ते घालतात. एका डोसात पंचवीस मायक्रोग्रॅम पारा येतो. एका डोसाच्या तयार सिरिंजमध्ये सहसा नसतो. लसीतला हा पारा माशांतून पोटात जातो त्या पाऱ्याहून वेगळा, शरीरातून बराच लवकर बाहेर पडणारा. पण मुळात तो घालायचाच कशाला? याचं उत्तर 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावाने दिलं. घटसर्पाच्या लसीची बाटली, जंतुनाशक न घातलेली, पुन्हा पुन्हा सुई खुपसलेली. तिच्यात जंतू वाढले आणि बारा मुलं गेली. चौकशीत जंतू कोणता हे शोधायच्या कामात एक तरुण डॉक्टर होता, त्याचं नाव मॅकफर्लेन बर्नेट. होय, पुढे अंड्यात फ्लू वाढवणारा तोच. एकाच माणसाच्या आयुष्यात माहितीपत्रकातल्या दोन ओळी येऊन बसल्या, अंड्याची आणि जंतुनाशकाची. त्यातल्या एका ओळीला बारा थडगी आहेत. फॉरवर्ड करणारे 'लसीत विष' एवढंच पाठवतात. हा इतिहास एका मेसेजमध्ये मावत नाही हे खरं. पण पाहुण्यांच्या लग्नाचे दोनशे फोटो मावतात.

याउप्पर राहिला शाकाहार. त्यावर मी काय बोलणार? पण काकूंच्या टेबलावर व्हिटॅमिनच्या मऊ, पारदर्शक कॅप्सूलची बाटली होती. अशी कॅप्सूल बहुतेक वेळा जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेल्या जिलेटिनची असते. फरसाणाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका शोधतो, कॅप्सूलवर शोधत नाही. मी बाटलीकडे नुसतं पाहिलं. काकूंनी ती उचलून फ्रिजवर ठेवली आणि म्हणाल्या, "औषध म्हणून चालतं." हा शब्द आपल्या घराघरांत फार जुना आहे. याच्याच आधाराने लहानपणी आम्हाला माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळाल्या आणि आजोबांना हिवाळ्यात ब्रँडी.

चौथ्या संध्याकाळी मात्र डाव उलटला. काकूंनी विचारलं, "हे 'ए/व्हिक्टोरिया/4897/2022' काय आहे? गाडीचा नंबर?"

जवळजवळ. फ्लूच्या जातींची नावं पत्रिकेसारखी मांडतात: आधी कुळ, मग गाव, मग त्या प्रयोगशाळेतला क्रमांक, मग साल. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात 2022 मध्ये कुणाच्या तरी नाकातून निघालेला विषाणू. कुणाच्या ते आपल्याला कळत नाही. बिचारा नाक पुसून घरी गेला असेल, आणि त्याची शिंक पुढे जगभर लोकांच्या दंडात टोचली गेली. 'बी/फुकेत/3073/2013' हा पाहुणा तर कितीतरी वर्षं चार जातींच्या लसीत होता. आमच्याकडची माणसं फुकेतला जाऊन चार दिवसांत परत येतात. हा मुक्कामालाच आला. त्याच्या घराण्याचं नाव यामागाता. मार्च 2020 नंतर हे घराणं कुठेही सापडलेलं नाही. आपण घरात कोंडून बसलो, तोंडाला फडकी बांधली, करोनाचं काही व्हायचं ते झालं, पण शेजारचा एक अख्खा वंश बुडालेला दिसतो. सप्टेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, आता याला लसीत ठेवायची गरज नाही. म्हणून चाराची लस पुन्हा तिनाची होऊ लागली. पण 'चार' म्हणजे 'तीन'हून भारी असं विकायची दुकानदाराला सवय झालेली. काही ठिकाणी अजून चाराचं कौतुक चालतं.

ही नावं ठरवतं कोण? जगभरातल्या शंभराहून जास्त प्रयोगशाळा वर्षभर शिंका गोळा करतात. 1952 पासून हे जाळं चालू आहे. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातलीच एक, आणि योगायोगाने जन्मही 1952 चाच. मग वर्षातून दोनदा तज्ज्ञ बसतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. पुढच्या हिवाळ्यात कोणता विषाणू फिरेल याचा अंदाज बांधायचा, कारण अंडी, उबवणं, पाक, तपासण्या धरून लस व्हायला सहाएक महिने लागतात. फेब्रुवारीत बांधलेल्या अंदाजावर नोव्हेंबरात दंड पुढे करायचा. विषाणू मधल्या काळात नवा सदरा घालून आला की संपलं.

आणि येतो तो. 1947 मध्ये अमेरिकेत लस घेतलेले आणि न घेतलेले सारखेच आजारी पडले, कारण विषाणू बदलला होता. 2014-15 च्या हिवाळ्यात तिकडे लसीचा उपयोग जेमतेम एकोणीस टक्के निघाला. अंदाज जमला त्या वर्षी चाळीस ते साठ टक्के. त्यातही एक घरगुती भानगड आहे. विषाणू अंड्यात राहून राहून अंड्याला सोयीचा होतो. एच-3-एन-2 कुळाला ही खोड फार. माणसाच्या घशातून आलेला कोंबडीच्या घरी चार दिवस राहतो आणि बोलीच बदलून बसतो. मग आपल्या शरीराला दाखवलेला काटा आणि प्रत्यक्ष येणारा काटा यांत फरक पडतो. परगावच्या हॉस्टेलवरून आलेला पोरगा दिवाळीला ओळखू येत नाही, तशातलंच.

"साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास," काकू म्हणाल्या. "आमच्या वेळी त्यावर बँकेत नोकरी मिळायची."

मी म्हणालो, चाळीस म्हणजे जेमतेम पास.

"पासच ना? नापासाहून बरा." एवढं बोलून त्यांनी मला गेल्या वर्षीच्या त्यांच्या आजारपणाची गोष्ट सांगितली. जुलैमध्ये ताप, आठ दिवस, मग छातीत कफ, मग नातवाला लागण. ती इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्द महत्त्वाचा: जुलै. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात येतो, जुलै ते सप्टेंबर. दुसरा छोटा हिवाळ्याच्या शेवटाला. आपण राहतो उत्तर गोलार्धात, पण महाराष्ट्रातला फ्लू पंचांग पाळतो दक्षिणेचं. म्हणून सप्टेंबरच्या बैठकीत ठरलेली, दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मे मध्ये घेणं इथे शहाणपणाचं. ही साधी गोष्ट सांगणारा फलक मी तरी कुठल्या दवाखान्यात पाहिला नाही. छत्री दुरुस्तीच्या, रेनकोटच्या, मान्सून सेलच्या पाट्या मे महिन्यात लागतात. लसीची आठवण मात्र सोसायटीत तिघं खोकायला लागले की येते.

आणि सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत फ्लू नाहीच. ज्याच्या खिशात दीड-दोन हजार आहेत त्याने 'लसीत विष आहे का' यावर चर्चा करावी. ज्याच्या खिशात नाहीत त्याचा प्रश्न निघतच नाही. आमच्या शिबिरात वॉचमन दाराशी उभा होता. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची शिंक तोच झेलतो. त्याला कुणी रांगेत बोलावलं नव्हतं. मीही नाही.

आमच्या पुण्याला तरी फ्लू म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको होतं. 3 ऑगस्ट 2009 ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथे गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. त्या आठवड्यात नायडू रुग्णालयाबाहेरची रांग ज्याने पाहिली, तो ती विसरलेला नसेल. शाळा बंद, रुमालाला चार नाड्या लावून मास्क. लस नव्हती. याच शहरातल्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै 2010 मध्ये आली, म्हणजे जवळजवळ वर्षाने. तोवर मास्कची फडकी झाली होती आणि फडक्यांनी स्कूटर पुसून झाल्या होत्या. आता आपण माहितीपत्रकावर भिंग धरतो, तेव्हा नुसत्या अफवेवर कापूर हुंगत होतो.

रविवारी दुसरं शिबिर झालं. तोच डॉक्टर, तेच टेबल, कोपऱ्यात बंदी आल्यापासून तसंच पडलेलं थर्माकोलचं मखर. काकू पहिल्या नंबरवर उभ्या होत्या, वॉचमनला हाताला धरून. "याचे पैसे मी देतेय," त्यांनी सेक्रेटरींना परस्पर सांगून टाकलं. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत होते, जणू मी काकूंना काहीतरी पाजलंय.

डॉक्टरने स्पिरिटचा बोळा हातात घेतला. "काकू, आज संकष्टी नाही ना?"

"नाही. पण आधी सांग बाळा, ही लस कुठल्या गोलार्धाची आणि कुठल्या सालच्या अंदाजाची? मागच्या हिवाळ्याचा उरलेला माल तर नाही ना?"

डॉक्टरने खोकं उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं. मग बोळा खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"काकू, जरा ते भिंग देता?"